अविनाश साबळे : २० सेकंद कमी करायला लागलेली सहा वर्षं

अविनाश साबळेचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, लहानपणी रोज सहा किलोमीटर धावत शाळेत जायचा. वर फोटो, खाली मोठ्या अक्षरात जिद्दबिद्द आणि शेअर करा. गोष्ट खोटी नाहीये. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, घरी शेती, शाळेला जायला गाडीघोडं नाही, म्हणून पोरगं कधी चालत कधी धावत जायचं. पण मला या वाक्याचा जरा रागच येतो, कारण त्या काळात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातली कितीतरी पोरं असंच तंगडतोड करत शाळेत जात होती, त्यातली बरीच पुढे आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, काही पुण्यात कंपनीत लागली, आणि ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस (अडथळ्यांची लांब शर्यत) फायनलला पोचला तो एकटाच. म्हणजे फरक शाळेच्या रस्त्यानं नाही पडलेला, तो नंतर कुठेतरी पडलाय. तो नेमका कुठे पडला हे बघायला या केसमध्ये आकडे चांगले मिळतात, कारण पळण्याच्या खेळात घड्याळ सगळं लिहून ठेवतं.

जन्म १३ सप्टेंबर १९९४. बारावी झाल्यावर मिलिटरीत भरती, ५ महार रेजिमेंट. आमच्या भागात हे काही वेगळं नाही, घरात एक पगार सुरू व्हावा म्हणून पोरं भरती बघतात, आणि भरती म्हणजे ग्राउंड, ग्राउंड म्हणजे पळणं. पण ते पळणं तेवढ्यापुरतं, एकदा जॉइनिंग लेटर हातात आलं की बूट माळ्यावर. अविनाशची पोस्टिंग २०१३-१४ ला सियाचिनला, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग २०१५ ला सिक्कीमला. आधी हाडं गोठवणारी थंडी, मग भट्टीसारखं ऊन. या सगळ्यात ट्रॅकचा काही संबंध नाही. स्पर्धेत पळायला तो लागला २०१५ ला, आर्मीच्या अंतर्गत क्रॉस कंट्रीत, तेही सोबतच्या जवानांनी ढकललं म्हणून. तेव्हा वय विशीच्या पुढे. केनिया-इथिओपियाची पोरं या वयात ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळून मोकळी झालेली असतात.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, वयाच्या विशीपर्यंत ‘ऑलिम्पिकला जायचं’ असलं काही स्वप्न या गोष्टीत कुठे दिसतच नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, पळायला लागला तेव्हा त्याला महिन्याचा पगार होता, पोटभर खाणं होतं, डॉक्टर होता आणि घरी पैसे जात होते. नेमकी हीच गोष्ट मोटिवेशनवाल्या पोस्टमध्ये कधी येत नाही. गावाकडचं पोरगं चांगलं पळत असेल तर त्याला पहिला प्रश्न हा असतो की सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास पळायचं तर कामाला कधी जायचं आणि एवढं पळल्यावर जी भूक लागते ती कशानं भागवायची. आर्मीनं तो प्रश्न मिटवला. मेहनत त्याचीच होती, पण मेहनत करायला जी मोकळीक लागते ती पगारातनं आली.

आर्मीचे कोच अमरीश कुमार यांनी त्याला २०१७ ला स्टीपलचेसकडे वळवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ३००० मीटर पळायचं, वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, एकूण ३५. अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच आणि हर्डल्ससारखा धक्का लागला की आडवा होणारा नाही, जाडजूड ओंडका असतो, पाय अडकला तर तुम्हीच पडता. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब. त्यामुळे नुसता दम असून भागत नाही. लय तुटू न देता ३५ वेळा उडी मारायची, तीही आजूबाजूला दहा-बारा जण कोपर मारत असताना.

भरतीच्या पोरांना कळेल अशा हिशोबात सांगायचं तर महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की पैकीच्या पैकी २० मार्क. अविनाशचं बेस्ट ८ मिनिटं ९.९१ सेकंद आहे, त्या स्पीडनं १६०० मीटर पडतात साधारण ४ मिनिटं २१ सेकंदात. अडथळे आणि पाणी धरून. आणि तिथे तो थांबत नाही, पुढे अजून १४०० मीटर तसाच पळतो.

आता मूळ केस. २०१७ ला तो चेन्नईला ओपन नॅशनल जिंकला, पण नॅशनल रेकॉर्ड अजून नऊएक सेकंद लांब होतं. हे रेकॉर्ड गोपाळ सैनी यांचं, १९८१ सालचं, ८:३०.८८. जरा थांबून विचार करा, १९८१ नंतर देशात सिंथेटिक ट्रॅक आले, परदेशी कोच आले, बूट बदलले, आहार बदलला, कितीतरी स्टीपलचेसवाले आले आणि गेले, आणि हे रेकॉर्ड ३७ वर्षं जागचं हललं नाही. २०१८ हे वर्ष त्याला सुरुवातीला वाईटच गेलं. मधल्या काळात तो परदेशी कोच निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे होता, ते शेड्यूल त्याला मानवलं नाही, घोट्याला दुखापत झाली, जकार्ताच्या एशियन गेम्सचं तिकीट हुकलं. तो परत अमरीश कुमारांकडे गेला. एशियन गेम्स झाले ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्याच सप्टेंबरच्या शेवटी भुवनेश्वरच्या ओपन नॅशनलमध्ये त्यानं ८:२९.८० मारले. ३७ वर्षांचं रेकॉर्ड एका सेकंदाहून थोड्या जास्त फरकानं मोडलं.

मला यात रेकॉर्डपेक्षा कोच बदलणं मोठं वाटतं. आपल्याकडे चिकाटी म्हणजे एकच गोष्ट धरून बसणं असं समजतात, जे सांगितलं ते मुकाट करत राहा, दुखतंय तर सहन कर. त्यानं पळणं सोडलं नाही पण पद्धत सोडली. नॅशनल कॅम्पमध्ये असलेल्या, मागे कोणी गॉडफादर नसलेल्या जवानाला मोठ्या नावाचा कोच सोडणं सोपं नसतं, उद्या रिझल्ट आला नसता तर सगळे त्यालाच बोलले असते.

त्यानंतरचे आकडे मी एका दमात लिहितो. मार्च २०१९ पटियाला ८:२८.९४. ऑक्टोबर २०१९ दोहा वर्ल्ड चॅम्पियनशिप, हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) ८:२५.२३ आणि तीन दिवसांनी फायनलमध्ये ८:२१.३७. मार्च २०२१ पटियाला ८:२०.२०. जुलै २०२१ टोकियो ऑलिम्पिक ८:१८.१२. मार्च २०२२ तिरुवनंतपुरम ८:१६.२१. जून २०२२ रबात डायमंड लीग (जगातल्या अव्वल ॲथलीटांची स्पर्धा-मालिका) ८:१२.४८. ऑगस्ट २०२२ बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ ८:११.२०. जुलै २०२४ पॅरिस डायमंड लीग ८:०९.९१. भुवनेश्वर धरून दहा वेळा नॅशनल रेकॉर्ड, आणि त्यातलं पहिलं सोडलं तर प्रत्येक वेळी मोडलेलं रेकॉर्ड त्याचंच स्वतःचं. एकूण सुधारणा १९.८९ सेकंद. वीस सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, चहा गाळायला तेवढा वेळ लागतो, पण ट्रॅकवर २०१८ चा अविनाश आणि २०२४ चा अविनाश एकाच शर्यतीत पळवले तर २०२४ चा संपवून उभा असेल तेव्हा २०१८ चा अजून ११५-१२० मीटर मागे असेल.

आणि हे आकडे नीट बघितले तर एका वेळी चार सेकंदांची सुधारणा एकदाही नाही. कधी पाऊण-एक सेकंद, कधी दोन, फार तर पावणेचारच्या आसपास. शेवटचे १.२९ सेकंद कमी करायला तर जवळजवळ दोन वर्षं गेली. दोन वर्षं रोजचं ट्रेनिंग, आणि हातात काय, तर सव्वा सेकंद. हे फेसबुकवर टाकलं तर कोण लाइक करणार, पण खरी मेहनत दिसायला अशीच बोअर असते.

दोहाचा किस्सा सांगायलाच हवा. हीटमध्ये त्याच्यासमोर दुसरे धावपटू पडले, त्यात हा अडकला, एकदा नाही दोनदा, तरी उठून पळाला आणि वर नॅशनल रेकॉर्ड करून सातवा आला, म्हणजे बाहेर. भारतीय टीमनं प्रोटेस्ट केला, पंचांनी मान्य केलं की याला अडथळा झालाय, आणि त्याला फायनलमध्ये घेतलं. त्या फायनलमध्ये तो १३ वा आला, पण वेळ ८:२१.३७, आणि टोकियोची पात्रता होती ८:२२.००. झालं, ऑलिम्पिकचं तिकीट. १९५२ च्या हेलसिंकीनंतर स्टीपलचेसला पात्र ठरलेला पहिला भारतीय पुरुष. लोक याला नशीब म्हणतील. प्रोटेस्ट करायला कागद भरणारा माणूस तिथे हजर होता हे नशीब म्हणा हवं तर. पण पडापडीतून उठून लय मोडलेली असताना रेकॉर्ड टाइम काढला नसता तर त्या प्रोटेस्टला काही वजनच आलं नसतं.

मग टोकियो, आणि तिथे नशिबानं हिशोब चुकता केला. हीटमध्ये ८:१८.१२, पुन्हा नॅशनल रेकॉर्ड, पुन्हा सातवा. प्रत्येक हीटचे पहिले तीन आणि बाकीच्यांतले वेळेनुसार सहा फायनलला, आणि हा त्या यादीबाहेरचा पहिला, पात्र न ठरलेल्यांत सगळ्यात फास्ट. वर तिसरी हीट इतकी सावकाश झाली की ती जिंकणाऱ्याची वेळ ८:१९.००. म्हणजे त्या हीटच्या विजेत्यापेक्षा हा जोरात पळाला होता आणि घरी आला. अशा वेळी माणूस एकतर सिस्टिमला शिव्या घालतो किंवा पुन्हा तेच जास्त जोरात करतो.

त्यानं तिसरं काहीतरी केलं. २०२२ ला तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला, उंचावर ट्रेनिंगला गेला, स्कॉट सिमन्स या कोचकडे. आता याचं कारण समजून घ्या. भारतात त्याची अडचण ही झाली होती की त्याच्याबरोबर पळायलाच कोणी नव्हतं. नॅशनलला बंदूक वाजली की दोन लॅपनंतर हा पुढे एकटा, मागचे पन्नास-शंभर मीटर लांब. एकटा पळून तुम्ही घड्याळाशी पळायला शिकता, माणसांशी नाही. मोठ्या स्पर्धांच्या फायनल तर घड्याळावर होतच नाहीत, सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघत रेंगाळतात आणि शेवटच्या लॅपला अंगात आल्यासारखे सुटतात. तो झटका अंगात यायला तसल्याच लोकांत रोज राहावं लागतं. तिकडे जाऊन आधी त्यानं मे महिन्यात ५००० मीटर पळून बघितलं, सॅन हुआन कापिस्त्रानो नावाच्या ठिकाणी, १३:२५.६५, बाराव्या नंबरवर आला आणि बहादुर प्रसाद यांचं १९९२ पासूनचं नॅशनल रेकॉर्ड मोडलं. बारावा नंबर आणि ३० वर्षांचं रेकॉर्ड एकाच शर्यतीत, आपण कुठे आहोत आणि जग कुठे आहे हे यावरून कळतं. त्याआधी २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन पळून ६१ मिनिटांच्या आत आलेला पहिला भारतीय झाला होता, १:००:३०. म्हणजे स्वतःच्या इव्हेंटसाठी दम वाढवायला हा इकडे तिकडे पळून येतो आणि जाता जाता तिथलं रेकॉर्ड पण घेऊन येतो.

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. कॉमनवेल्थमध्ये १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाही स्पर्धांत या इव्हेंटची तिन्ही मेडल केनियाकडे. त्या दिवशी समोर रिओ ऑलिम्पिकचा चॅम्पियन कॉन्सेस्लस किप्रुतो, शिवाय अब्राहम किबिवॉट आणि अमोस सेरेम. शेवटच्या शंभर मीटरला किबिवॉटच्या खांद्याला खांदा. किबिवॉट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंद, अंतरात हातभर. सिल्व्हर. ज्यांनी तो व्हिडिओ बघितला नसेल त्यांनी शेवटचा लॅप तरी बघाच, २०१८ चा जो एकटा पुढे पळायचा तो पोरगा यात कुठेच दिसत नाही, हा केनियावाल्यांच्या घोळक्यात घुसून जागा सोडत नाही. (जाता जाता, नगरहून आष्टीला रेल्वे सुरू झाली ती याच्यानंतर दीडेक महिन्यानं, सप्टेंबर २०२२ मध्ये. रेल्वे तालुक्यात पोचायच्या आधी तालुक्याचा पोरगा जगात पोचला.)

इथून पुढे सगळं सरळ वर गेलं असतं तर ही केस लिहायला सोपी होती. पण त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या आधी युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फायनल संथ झाली आणि हा ११ वा, ८:३१.७५, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या स्वतःपेक्षाही मागे. २०२३ ला बुडापेस्टमध्ये हीटमध्येच बाद, ८:२२.२४, सातवा. तिथे नियम बदललेला होता, फक्त पहिले पाच, वेळेवर कोणी आत येणार नाही. मोठ्या अपेक्षेनं गेलेला माणूस, आणि एका सकाळीत संपलं.

सव्वा महिन्यानं हांगझोऊचे एशियन गेम्स. तिथे त्यानं डावपेच वगैरे गुंडाळून ठेवले आणि सुरुवातीपासून पुढे निघाला. आशियात त्याला त्या वेगानं धरून ठेवणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. १ ऑक्टोबर २०२३, ८:१९.५०, एशियन गेम्सचं रेकॉर्ड, आणि या इव्हेंटमधलं भारतीय पुरुषाचं पहिलं गोल्ड. तीन दिवसांनी ५००० मीटरला सिल्व्हर. म्हणजे तोच माणूस कॉमनवेल्थला घोळक्यात राहून सिल्व्हर घेऊन आला आणि इथे एकटा पुढे जाऊन जिंकला. मैदान बघून खेळ बदलायचा. हे त्याला शिकायला पाच-सहा वर्षं आणि बरेच पराभव लागले.

पॅरिस ऑलिम्पिक. हीटमध्ये ८:१५.४३, पाचवा, म्हणजे शेवटचा पात्र नंबर, पण पात्र. ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला गेलेला पहिला भारतीय पुरुष. महिलांत ते आधीच झालं होतं, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ ला रिओत फायनलला होत्या, दहाव्या आल्या. आष्टी काय आणि माण काय, दोन्ही दुष्काळी तालुके, आणि दोघांनी नाव काढलं ते पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारायच्या खेळात. याच्यात कुठलीही थिअरी नाही, पण मला मजा वाटते. ७ ऑगस्ट २०२४ च्या फायनलमध्ये अविनाश ११ वा आला, ८:१४.१८. गोल्ड सुफियान एल बक्कालीला ८:०६.०५ मध्ये, ब्राँझ किबिवॉटला ८:०६.४७ मध्ये.

तर स्वप्न प्रत्यक्षात आलं का? ऑलिम्पिक मेडल म्हणत असाल तर नाही आलं. ब्राँझची वेळ आणि त्याचं आयुष्यातलं बेस्ट यात साडेतीन सेकंदांचा फरक होता. माझं म्हणणं असं की या केसमध्ये स्वप्न आधी आणि मेहनत नंतर असा क्रमच नाहीये. आधी नोकरी होती, मग सोबत्यांच्या आग्रहानं क्रॉस कंट्री, मग कोचनं सुचवलेला इव्हेंट, मग नॅशनल रेकॉर्ड, मग पात्रता, मग केनियावाल्यांच्या बरोबरीनं पळणं. प्रत्येक टप्प्याला जे दिसत होतं तेवढंच पुढचं टार्गेट, आणि ते हाताला लागलं की त्याच्या पुढचं दिसायला लागलं. भरतीच्या पोरांना कोणी ‘ऑलिम्पिकचं स्वप्न बघा’ सांगतं तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं की आधी तुझ्या १६०० मधून चार सेकंद काढ, आणि तुझ्यापेक्षा जोरात पळणारा शोधून त्याच्या मागे लाग. आणि त्यांच्या घरच्यांना व पुढाऱ्यांना सांगावंसं वाटतं की सत्कार नंतर करा, आधी त्या पोराच्या दोन वेळच्या खाण्याची आणि महिन्याकाठी काही पैशांची सोय लावा, कारण इथे ते आर्मीनं केलं म्हणून बाकीचं सगळं घडलं.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गुमीला एशियन चॅम्पियनशिपमध्ये त्यानं ८:२०.९२ मध्ये गोल्ड घेतलं, या स्पर्धेत भारताला पुरुषांच्या स्टीपलचेसचं गोल्ड ३६ वर्षांनी मिळालं. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये मोनॅको डायमंड लीगला पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आणि त्या वर्षीची टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. लॉस एंजेलिस ऑलिम्पिक जुलै २०२८ ला आहे, तेव्हा तो ३३ वर्षांचा असेल. लगेच ‘आता वय झालं’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, केनियाचा इझेकिएल केम्बोई २०१५ ला बीजिंगमध्ये स्टीपलचेसचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा तोही ३३ चाच होता.